छोट्या दुकानांची भरभराट

कर कसा लावावा या विषयात आपल्याइतका जाणकार माणूस देशात दुसरा नाही, असं त्याचं पहिल्यापासून मत होतं. गेल्या काही वर्षांत सरकारचंही हळूहळू तेच मत होऊ लागलं होतं. त्याची सगळी विद्या 'समजा' या एका शब्दावर उभी होती. समजा, सगळे दुकानदार शहाणे आहेत. समजा, सगळ्या गिऱ्हाइकांना सगळे भाव ठाऊक आहेत. समजा, कोणी खोटं बोलत नाही. एवढं समजून घेतलं की पुढचं गणित झरझर सुटायचं. कर संचालनालयातले कारकून त्याला पाठीमागे समजासाहेब म्हणत. ते त्याच्या कानावर आलं होतं आणि त्याला त्यात कौतुकच दिसलं होतं. घरी बायको मात्र वैतागलेली असायची. "समजा, आज आपण बाहेर जेवायला गेलो," असं हा म्हणाला की ती कपडे बदलून तयार व्हायची, आणि हा आपला खुर्चीत बसून जावं की न जावं याचे फायदे-तोटे मांडत असायचा.

सुरुवात तळमजल्यावरच्या एका खोलीत झाली होती. मोडकी कपाटं ठेवायची खोली होती ती. संशोधन विभाग नंतर तिच्यात घुसवला होता. त्याच्याबरोबर लागलेले बाकीचे तरुण अर्थतज्ज्ञ ठाम मताचे होते. कर वाढवा म्हणणारे होते, कमी करा म्हणणारे होते, आणि सरकार बदललं की यातला कोणीतरी एक गट हटकून तोंडावर आपटायचा. आपला गडी यातून एक गोष्ट शिकला. त्याने कधी मत धरलं नाही, मर्यादा धरली. अमुक एवढ्याच्या वर कर, अमुक एवढ्याच्या खाली माफी. समितीत दोन बाजू हमरीतुमरीवर आल्या की हा शांतपणे मध्ये एक रेघ मारायचा. कर हवा असलेले वरच्या भागाकडे बघून खूश, नको असलेले खालच्या भागाकडे बघून खूश. रेघ तिथेच का मारली, असं कोणी विचारत नसे, कारण तोवर चहा आलेला असे.

अशा रेघा मारत मारत तो तळमजल्यावरून तिसऱ्या मजल्यावर आला. दुकानांच्या जागेवर कर लावायचं ठरलं, तेव्हा समितीत साहजिकच त्याचं नाव होतं. लहान दुकानदाराला धक्का लागता कामा नये, हे सगळ्यांना मान्य होतं. घोडं अडलं ते लहान म्हणजे केवढं इथे. सगळे त्याच्याकडे बघू लागले. बैठक त्याच्याच खोलीत चालली होती. त्याने एकवार खोलीभर नजर फिरवली. टेबल, कपाट, चार खुर्च्या, कोपऱ्यात छत्री. यात एखादं लहानसं दुकान आरामात मावेल असं त्याला वाटलं.

"दोनशे चौरस फूट," तो म्हणाला.

आकडा गोल होता, उच्चारायला सोपा होता. कायदा झाला.

आणि मग चमत्कार झाला. वर्षा-दोन वर्षांत लहान दुकानांची संख्या अशी काही वाढू लागली की आकडे बघणाऱ्यांनी डोळे चोळले. ही गणती करायची पद्धत साधी होती. मोजणीदार रस्त्याने चालत जायचा आणि शटर मोजायचा. एक शटर, एक दुकान. आत डोकवायचा त्याला भत्ता नव्हता, त्यामुळे तो डोकवत नसे. आपल्या तज्ज्ञाने या आकड्यांवर भलाथोरला प्रबंध लिहिला. त्यातली वर चढत जाणारी रेषा मंत्र्यांनी मोठी करून, चौकटीत घालून आपल्या दालनात लावली. पुढे त्याने आणखी एक शोध लावला: गाद्यांची विक्री वाढली होती. दरडोई गाद्यांचं प्रमाण वाढणं हे राहणीमान सुधारल्याचं लक्षण आहे, असं त्याने एका परिषदेत सांगितलं आणि टाळ्या घेतल्या.

आता एकच पायरी उरली होती. मुख्य सल्लागार म्हातारे झाले होते, निवृत्तीला टेकले होते. त्या खुर्चीसाठी हा झुरत होता असं म्हटलं तर ते कमीच होईल. त्याची झोप उडाली होती. मंत्र्यांच्या शेजारी बसायचं, आपल्या टिपणावर दुसऱ्या कोणी लाल शाई चालवायची नाही, आणि आयुष्यभर ज्यांच्या खोल्यांबाहेर ताटकळत उभं राहिलो त्यांना आपल्या खोलीबाहेर उभं करायचं. माणसाला विद्येचं फळ म्हणून आणखी काय हवं असतं?

नेमक्या याच सुमाराला त्याच्या मोठ्या बहिणीचा, ताईचा, फोन आला होता. ताईचं गाद्यांचं दुकान होतं. म्हणजे मूळचं वडिलांचं. वडील अचानक गेले तेव्हा ताईने शिक्षण सोडून गल्ल्यावर बसायचं ठरवलं म्हणून बाळ्या शिकला. हो, घरी तो बाळ्याच होता. पुढे ताईचं लग्न झालं आणि दाजीही त्याच दुकानात रुजू झाले. ताई फोनवर म्हणाली, "बाळ्या, एकाची चार दुकानं झालीत आता आमची. ये की एकदा बघायला." त्याला बैठकीला जायचं होतं. "वा! वा!" म्हणून त्याने फोन ठेवला, आणि त्याच बैठकीत छाती फुगवून सांगून टाकलं की माझ्या सख्ख्या बहिणीची एकाची चार दुकानं झाली.

मंत्री एकदम पुढे सरकले. "अहो, मग हेच दाखवू या ना लोकांना! कॅमेरे घेऊन जाऊ तुमच्या बहिणीकडे. तुमच्या नेमणुकीचं पण तिथेच जाहीर करतो."

त्याला आभाळ ठेंगणं झालं.

पाहणीच्या आदल्या दुपारी जागेवर एक नजर टाकून यावं म्हणून तो बाजाराच्या रस्त्याला गेला. या रस्त्यावर तो लहानाचा मोठा झाला होता, पण आता तो त्याला ओळखू येईना. कबुतरांच्या खुराड्यांसारखी शटरं ओळीने लागली होती. समोरून एक माणूस चालत आला. त्याच्या अर्ध्या चेहऱ्यावर साबणाचा फेस होता, गळ्यात टॉवेल होता. तो अगदी सहजपणे फुटपाथ ओलांडून पलीकडच्या दारात शिरला. केस कापायचं दुकान इकडे आणि दाढीचं तिकडे, असा तो प्रकार होता. औषधवाल्याकडे गोळ्या एका दारात, पातळ औषधं दुसऱ्या दारात, आणि खोकल्याने बेजार झालेली एक म्हातारी दोन्ही दारांच्या मध्ये उभी राहून दोघांना शिव्या घालत होती. चपलांच्या दुकानदाराने डावा पाय आणि उजवा पाय वेगळा केला नव्हता, एवढंच काय ते राहिलं होतं.

ताईच्या दुकानावर चार पाट्या होत्या. गादी केंद्र. उशी केंद्र. चादर केंद्र. पांघरूण केंद्र. तो पहिल्या दारात शिरला. दाजी गाद्यांच्या चळतीला पाठ टेकून उभे होते, कारण बसायला जागाच नव्हती. बाजूची भिंत पिवळट प्लायवूडची होती. त्याने तिच्यावर बोटाने टकटक केलं.

"आले!" भिंतीपलीकडून ताईचा आवाज आला. ती उशी केंद्रातून बाहेर पडली, पायरी उतरली, फुटपाथवरून आली, पायरी चढली आणि गुडघा धरून दारातच थांबली. "ये ये, साहेब. सापडलं का चारांतलं एक तरी?"

"ताई, हे काय आहे?"

"दुकानं आहेत. चार."

"हे एकच दुकान आहे. मध्ये फळ्या मारल्यात तुम्ही!"

"मग काय करणार होतो?" दाजी म्हणाले. "आठशे फूट जागा. तुमचा कर भरला असता तर गाद्यांवर आम्हीच आडवे झालो असतो. सुताराला बोलावलं. सगळ्या रस्त्याने बोलावलं. आता तो सुतार गाडी घेऊन फिरतो, आणि आम्ही असे चोरासारखे भिंतीला चिकटून उभे असतो."

"पण गाद्यांची विक्री वाढलीये ना?" त्याने आशेने विचारलं. "आकडे आहेत माझ्याकडे."

"जोडगादी आत वळत नाही बाळ्या," ताई म्हणाली. "दारातच अडकते. म्हणून जोडप्यांना दोन सुट्या गाद्या विकतो. एकीच्या दोन विकल्या जातात, आणि मधल्या फटीत कोणीतरी रोज रात्री पडतं. येतात मग भांडायला."

दरडोई गादीचा शोध असा जागच्या जागी निकालात निघाला. त्याची रेघ, त्याचा प्रबंध, मंत्र्यांच्या दालनातली ती चौकट, सगळं प्लायवूडचं निघालं होतं. आपण लोकांचे हाल केले हे आधी मनात आलं असतं तर बरं झालं असतं, पण आधी डोळ्यांसमोर आले ते उद्याचे कॅमेरे.

"ताई," तो शेवटी म्हणाला, "उद्या मंत्र्यांना यातलं काही सांगू नकोस."

"मी तर उलट सांगणार होते. दिवसभर चार दारांच्या पायऱ्या चढउतार करते मी. डॉक्टर म्हणतो गुडघा बदला. मी म्हटलं आधी माझ्या भावाचा कायदा बदलतो का बघते."

"अगं, उद्या तू बोललीस तर माझी नेमणूक बोंबलली. मग हा कायदा बदलणार कोण? तिसऱ्या मजल्यावरून मी बदलू शकत नाही. एकदा मला त्या खुर्चीत बसू दे. पहिल्या दिवशी, पहिलं काम हेच. जागेवरचा हा करच काढून टाकतो. या फळ्या तू तुझ्या हाताने उपटून टाक."

ताईने त्याच्याकडे निरखून बघितलं. दुकानात बसून बसून तिला माणसांची पारख आली होती, पण ती गिऱ्हाइकांची. भावाची पारख करायची वेळ तिच्यावर कधी आली नव्हती.

"नक्की?"

"नक्की."

"मग नाही बोलत," ती म्हणाली. दाजी काहीतरी पुटपुटले. तिने डोळे वटारल्यावर तेही गप्प झाले.

दुसऱ्या दिवशीची तयारी त्याने जातीने केली. चार दुकानांत चार माणसं दिसायला हवीत, म्हणून गादी केंद्रात दाजी, उशी केंद्रात ताई, चादर केंद्रात त्याची स्वतःची बायको, आणि पांघरूण केंद्रात कोणी उरलं नाही म्हणून तिथे 'जेवणाची सुट्टी' अशी पाटी लावली. बायकोला उद्योजिका म्हणून उभं करताना त्याला जेवढं ऐकून घ्यावं लागलं, तेवढं त्याला उभ्या नोकरीत कोणी बोललं नव्हतं.

मंत्री आले. देह दणकट, त्यामुळे गादी केंद्रात ते तिरके होऊन शिरले आणि कॅमेरावाला बाहेरच राहिला. गादी दाबून बघून ते कसेबसे बाहेर पडले आणि थेट चादर केंद्रात घुसले.

"ही चादर केवढ्याला?"

बायकोला भाव ठाऊक असण्याचं काही कारण नव्हतं. तिने तोंडाला आला तो आकडा सांगितला. तेवढ्यात प्लायवूडमागून दाजींचा कळवळलेला आवाज आला, "अगं, तिप्पट! तिप्पट सांग!"

मंत्री दचकले. "हे कोण बोललं?"

"शेजारचे दुकानदार, साहेब," आपला तज्ज्ञ क्षणाचाही वेळ न घालवता म्हणाला. "निकोप स्पर्धा."

"वा!" मंत्री म्हणाले, आणि त्यांच्यामागच्या सचिवाने ते लिहून घेतलं.

मग ताईची पाळी. तिच्या पुढ्यात माइक धरला गेला. "काय ताई, एकाची चार दुकानं झाली. कसं वाटतं?"

ताईने माइककडे बघितलं, मग भावाकडे. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. तिने एक शब्द उच्चारला असता तर त्या खुर्चीचं, चौकटीचं आणि भावाच्या आयुष्याचं तिथल्या तिथे भजं झालं असतं. तिच्या ओठांवर तो शब्द आलाही होता.

"चांगलं वाटतं," ती म्हणाली. "बसून राहावं लागत नाही. पायांना काम मिळतं."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मंत्री खूश झाले. त्यांनी भाषणाला सुरुवात केली, आणि मंत्री एकदा खूश झाले की भाषण लांबत जातं. ज्या विद्वानाने हे घडवलं तो आजपासून सरकारचा मुख्य सल्लागार, असं त्यांनी जाहीर केलं तेव्हा आपल्या तज्ज्ञाचे डोळे खरोखर भरून आले. ताईनेही उशीने डोळे पुसले. तिला मनापासून आनंद झाला होता, हे कबूल केलं पाहिजे.

पण मंत्री थांबले नाहीत.

"दोनशे फुटांची मर्यादा घातली तर दुकानं चौपट झाली," ते म्हणाले. त्यांना बोलता बोलता कल्पना सुचत होती, आणि सुचलेल्या कल्पनेवर ते स्वतःच खूश होत होते. "मग मी म्हणतो, शंभरच का करू नये? आणखी लहान दुकानं! आणखी भरभराट! काय म्हणतात आमचे नवे मुख्य सल्लागार?"

सगळे कॅमेरे त्याच्याकडे वळले. उशी केंद्राच्या पायरीवर ताई उभी होती. तिच्या चेहऱ्यावर काळजी नव्हती. उलट ती जरा हसतच होती, कारण तिला वाटलं, बरं झालं, विषय आजच निघाला. आता बाळ्या सांगेल.

सांगायला फार नव्हतं. 'साहेब, आत या, भिंतीवर टकटक करून बघा,' एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. पण त्या खुर्चीत त्याला बसून अजून पाच मिनिटंही झाली नव्हती.

"दिशा योग्य आहे साहेब," तो म्हणाला.

टाळ्यांचा पुन्हा कडकडाट झाला. मंत्री पुढच्या कार्यक्रमाला गेले. गर्दी पांगली. बायको चादर केंद्रातून बाहेर पडली आणि त्याच्याकडे न बघता रिक्षात बसून घरी निघून गेली. ताई पायरी उतरून त्याच्यापर्यंत आली.

"बाळ्या, काल काय ठरलं होतं?"

"ताई, असं लगेच तोंडावर विरोध करून चालत नाही गं. याची एक पद्धत असते. आधी समिती नेमावी लागते."

"कोण नेमणार?"

"मी."

"आणि तिचा अध्यक्ष?"

"मीच."

"म्हणजे तू तुलाच विचारणार, आणि मग तू तुलाच सांगणार."

"वेळ लागतो अशा गोष्टींना," तो म्हणाला. त्याला तिच्याकडे बघवेना, म्हणून तो तिच्या मागच्या पाटीकडे बघत होता. तिने आरडाओरडा केला असता तर त्याला बरं वाटलं असतं. ओरडणाऱ्या माणसाला समजावता येतं, त्याची त्याला सवय होती. ताईने फक्त हात पुढे करून त्याच्या कोटाच्या खांद्यावर लागलेला कापूस झटकला, शाळेला निघाला की झटकायची तसाच, आणि वळून दाजींना म्हणाली, "अहो, सुताराला फोन करा. आत्ताच करा. उद्यापर्यंत सगळा रस्ता त्याच्या मागे लागेल, मग भाव वाढवेल तो."

सरकारी गाडी दारात उभी होती. तो मागच्या सीटवर बसला. आता त्याच्याच हाताखाली आलेला सचिव पुढून मान वळवून अदबीने म्हणाला, "सर, मंत्र्यांना संध्याकाळी वार्ताहरांना एक आकडा द्यायचाय. नव्या मर्यादेमुळे वर्षभरात लहान दुकानं किती वाढतील?"

सुतार फार लांब नव्हताच; रस्त्यावरच कुठेतरी काम करत होता. काचेतून दिसत होतं, दाजींनी त्याच्या मापाच्या पट्टीचं एक टोक धरलं होतं. दुसरं टोक जमिनीला लावायला ताई एका हाताने दाराचा आधार घेत हळूहळू खाली बसत होती. मागे दाढीच्या दुकानाचा मालक, औषधवाला आणि चपलवाला आपापला नंबर लागायची वाट बघत उभे होते.

"दुप्पट होतील," तो म्हणाला.

"नक्की लिहू, सर? की अंदाजे?"

"नक्की लिहा," तो म्हणाला. आपलं भाकीत खरं ठरणार याची इतकी खात्री त्याला उभ्या कारकिर्दीत कधी वाटली नव्हती.